बूस्ट कमी दिसतोय? आधी इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची आहेत, टर्बो गाडीला (म्हणजे जिच्या इंजिनात जास्तीची हवा दाबून भरली जाते) डोंगल, म्हणजे मोबाइलवर गाडीचे आकडे दाखवणारी डबी लावली, लॉग म्हणजे आकड्यांची नोंद काढली आणि बूस्टचा, म्हणजे त्या दाबलेल्या हवेचा आकडा काही पटत नाहीये. म्हणून क्लच, बॅटरी, एसीवाल्यांनी या वेळी माफ करा, तुमची पत्रं पुढच्या अंकात नक्की घेतो. मला हा विषय जवळचा आहे कारण इंदूरमध्ये माझ्या गॅरेजला महिन्यातून एकदा तरी अशी गाडी येते जिचा चांगला टर्बो कुणीतरी काढून नवीन बसवलेला असतो, पन्नास-साठ हजार गेलेले असतात, आणि गाडी तशीच मेलेली चालत असते. रीडिंग समजून न घेता पार्ट बदलला की असं होतं, आणि पैसा तर गाडीवाल्याचाच जातो ना.

प्रश्न : काका नमस्कार, माझी १.३ लिटर डिझेल हॅचबॅक आहे, १ लाख १० हजार किलोमीटर झालेत. साडेसातशे रुपयांचं ब्लूटूथ डोंगल मागवलं आणि मोबाइलवर बघतोय. इंजिन बंद, नुसती चावी ऑन, तरी ॲप बूस्ट उणे ०.०६ बार दाखवतं. मॅप सेन्सरचं रीडिंग ९५ किलोपास्कल येतं. हवामानाच्या ॲपमध्ये इंदूरचं प्रेशर १००६ लिहिलंय म्हणजे गाडीत १००.६ यायला पाहिजे ना? ओळखीचा मेकॅनिक म्हणतो सेन्सर गेला, बदलून टाक. बदलू का? (राजेंद्र नगर, इंदूर)

उत्तर : अजिबात बदलू नको. तुझा सेन्सर ठणठणीत आहे, इतका बरोबर आकडा तर मला नवीन सेन्सरवर मिळाला तरी मी खूश होईन.

मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधलं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधलं, जे प्रेशर मोजतो ते ॲब्सोल्यूट असतं, म्हणजे पूर्ण निर्वात धरून तिथून वर किती. आपण ज्याला बोलताना बूस्ट म्हणतो तो बाहेरच्या हवेच्या वर किती, तो वेगळा आकडा. आता इंजिन बंद आहे, टर्बो फिरत नाहीये, मग मॅनिफोल्डमध्ये काय असणार, बाहेर जी हवा आहे तीच. समुद्राकाठी ती १०१.३ किलोपास्कल असते पण इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर वर बसलंय, एवढ्या उंचीवर हवा ९५ च्या आसपासच असते, पावसाळ्यात ९४ ला येते, थंडीत थोडी वर सरकते. तुझं ॲप या ९५ मधून समुद्राकाठचे १०१ डोळे मिटून वजा करतंय, म्हणून उणे ०.०६. ॲपच्या सेटिंगमध्ये बाहेरचं प्रेशर टाकायची जागा असेल तर तिथे ९५ टाक, किंवा गाडी स्वतः बॅरोमीटरचा आकडा देत असेल तर तो वापरायला सांग, की उणे गायब.

आणि हवामानाच्या ॲपचं काय ते नीट समजून घे, कारण याच्यात चांगले शिकलेले लोक फसतात. ते १००६ इंदूरचं खरं प्रेशर नाहीच. हवामानवाले सगळ्या गावांची तुलना करता यावी म्हणून प्रत्येक ठिकाणचं प्रेशर हिशेबाने समुद्रसपाटीला आणून सांगतात, नाहीतर नकाशावर डोंगरातलं प्रत्येक गाव कमी दाबाचा पट्टा दिसलं असतं. तुझ्या गाडीला मात्र जी हवा ओढायची आहे ती राजेंद्र नगरातलीच आहे. खरं प्रेशर बघायचं तर बऱ्याच मोबाइलमध्ये बॅरोमीटर असतो, तो थेट जागेवरचा आकडा देतो, तो आणि गाडीचा आकडा एक-दीड किलोपास्कलच्या आत जुळला की सेन्सर बरोबर. एकदा ओंकारेश्वरला जाशील तेव्हा घरून निघताना चावी ऑन करून आकडा लिहून घे आणि भेरू घाट उतरून बडवाहला चहाला थांबशील तेव्हा परत बघ, ९८-९९ दिसेल. सेन्सर एकाच आकड्यावर अडकलेला असता तर त्याला घाट उतरल्याचं कळलंच नसतं.

युनिटचंही इथेच सांगून टाकतो. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, म्हणजे १००० मिलीबार, म्हणजे १४.५ पीएसआय. हवामानातला हेक्टोपास्कल आणि मिलीबार एकच. समोरचा माणूस "माझा दीड बार बूस्ट आहे" म्हणाला की पहिलं विचारायचं ॲब्सोल्यूट की वरचा, कारण दीड बार ॲब्सोल्यूट म्हणजे इंदूरमध्ये वरचा जेमतेम ०.५५ होतो.

अजून एक, तू विचारलं नाहीस पण विचारशील. डिझेल आयडलला, म्हणजे पाय न देता नुसतं चालू असताना, ९४-९५-९७ असंच काहीतरी दाखवेल, व्हॅक्यूम दिसणार नाही, कारण डिझेलला पेट्रोलसारखा हवा अडवणारा थ्रॉटल नसतो. पेट्रोलवाल्या मित्राच्या लॉगमध्ये आयडलला ३५-४० दिसलं म्हणून तुझ्या गाडीत लीक शोधत बसू नको.

प्रश्न : दादा, मी वडोदऱ्याचा, सासर इंदूरला. १ लिटर टर्बो पेट्रोल आहे, डॅशवर मेकॅनिकल बूस्ट गेज बसवलंय आणि ॲपही चालू असतं. वडोदऱ्यात फुल पाय दिला की दोन्हीकडे १ बार. दाहोदवरून इंदूरला आलो तर ॲपमध्ये १ च पण गेजचा काटा १ च्या थोडा पुढे जातो. खोटं कोण बोलतंय? (दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : खोटं ॲप बोलतंय. वडोदरा समुद्रापासून जेमतेम ३५-४० मीटर वर, तिथे बाहेरची हवा १०१ च्या अगदी जवळ, म्हणून तिकडे ॲपचं ठरलेलं वजाबाकीचं गणित योगायोगाने बरोबर येतं. हल्लीच्या गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, बहुतेक ॲब्सोल्यूट आकडा धरून टर्बो चालवतो, त्याला २०० पाहिजे म्हणजे २००, मग तुम्ही वडोदऱ्यात असा की इंदुरात. इंदूरला बाहेर ९५ च आहे म्हणजे टर्बोला २०० गाठायला १०५ वर ढकलावं लागतं, आणि गेज बिचारं बाहेरच्या हवेशी तुलना करून तेच दाखवतंय. म्हणजे इंदूरला येऊन तुमचा टर्बो थोडा जास्त मेहनत करतोय, जास्त फिरतोय. गाडीत बिघाड काही नाही, निश्चिंत रहा, पण मे महिन्यात ४२ डिग्रीत घाट चढताना ईसीयूने स्वतःहून बूस्ट थोडा खाली आणला तर घाबरू नका, गरम हवेत तो इंजिन वाचवायला तसं करतो.

प्रश्न : लॉग काढतोय पण ग्राफ जिन्यासारखा येतो, वळणदार येतच नाही. मित्राच्या त्याच मॉडेलच्या गाडीत पाय दिल्यावर बूस्ट आधी वर उडी मारून मग स्थिर होतो, माझ्यात ती उडीच नाही. टर्बो सुस्त झाला का? मी ११ पॅरामीटर लॉग करतो. शीट सोबत पाठवतोय. (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : शीट पाठवलीस हे फार चांगलं केलंस, त्यातच उत्तर आहे. १४.२ सेकंदाच्या ओळीत आरपीएम २६५० आणि मॅप १७४. पुढची ओळ १५.३ ला, आरपीएम ३०८० झाले पण मॅप परत १७४ च. त्याच्या पुढे एकदम २३१. आता खरोखरच्या गाडीत असं होत नाही की इंजिन चारशे आरपीएम चढलं आणि प्रेशर एका आकड्यानेही हललं नाही. झालंय असं की डोंगल एका वेळी एकच प्रश्न विचारतं, उत्तर आलं की पुढचा, आणि तुझे ११ प्रश्न विचारून परत मॅपवर यायला त्याला एक सेकंदाहून जास्त लागतोय. मधल्या ओळीत ॲप मागचंच उत्तर परत छापतं. ती उडी पाव-अर्धा सेकंदाची असते, ती तुझ्या दोन प्रश्नांच्या मधून निघून जाते. टर्बो सुस्त आहे की नाही हे या शीटवरून मी काय कुणीच सांगू शकणार नाही.

पॅरामीटर चारच ठेव, मॅप, आरपीएम, पेडल किंवा थ्रॉटल, आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान, तेही शेवटच्या फेरीत काढून टाकलं तरी चालेल. कूलंट, बॅटरी व्होल्टेज, स्पीड हे सगळं वेगळ्या लॉगमध्ये बघ. डोंगलशी के-लाइन या जुन्या, सावकाश पद्धतीने बोलणाऱ्या गाड्यांत सेकंदाला मोजून तीन-चार उत्तरं येतात, कॅन या नव्या, वेगवान पद्धतीवाल्यांत स्वस्त डोंगलनेही दहा-वीस येऊ शकतात, तेवढी चार पॅरामीटरमध्ये वाटली तर ग्राफला आकार येतो. आणि दोन्ही गाड्यांची तुलना करायची तर डोंगल एकच वापरा, एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर.

आता रस्त्याचं. पत्रात लिहिलंस की रात्री अकरानंतर सुपर कॉरिडोरवर जातोस. भिया, हे बंद कर, हात जोडून सांगतो. रिकामा दिसणारा रस्ता रिकामा नसतो, कुत्रं असतं, उलट्या बाजूने लाइट न लावता येणारी बाइक असते, आणि तुझं लक्ष मोबाइलवर. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे पण तो कंपन्यांच्या टेस्टिंगचा, आपल्याला काही तिथे कुणी सोडत नाही. चांगली गोष्ट ही आहे की बूस्टसाठी स्पीड लागतच नाही, लोड लागतो. दिवसा, मानपूर घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून पाय दे, ६०-७० च्या स्पीडलाच इंजिनवर पूर्ण लोड येतो आणि फुल बूस्ट मिळतो. लॉगिंगचं काम शेजारी बसलेल्याने करायचं, चालवणाऱ्याने फोनला हातही लावायचा नाही.

प्रश्न : २ लिटर डिझेल सेडान, रीमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूचा प्रोग्रॅम बदललेली. लॉगमध्ये बूस्ट वर जातो आणि २५५ वर सपाट रेघ, दोन सेकंद तशीच. ट्यूनर म्हणतो बूस्ट एकदम स्टेबल आहे. (विजय नगर, इंदूर)

उत्तर : ती रेघ स्टेबल बूस्टची नाहीये. ओबीडीचा, म्हणजे डोंगल ज्यातून गाडीशी बोलतं त्या व्यवस्थेचा, जो स्टँडर्ड मॅप पॅरामीटर आहे तो एका बाइटचा, त्यात ० ते २५५ च मावतं. गाडी २६० ला असो की २८० ला, तिथे २५५ च दिसणार, म्हणजे इंदूरला वरचा १.६ बार झाला की त्यापुढे तुमचं डोंगल आंधळं. कंपनीच्या स्वतःच्या पॅरामीटरमध्ये मिलीबारमध्ये वाचणारं स्कॅनर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून परत लॉग काढून घ्या, तिथे ईसीयूने मागितलेला आणि मिळालेला दोन्ही बूस्ट दिसतात. जर तिथेही २५०० मिलीबारच्या आसपास सपाट रेघ आली तर मामला जास्त गंभीर, मग सेन्सरचीच हद्द संपलेली असू शकते, ईसीयूलाही वरचं दिसत नाही आणि ओव्हरबूस्टपासून इंजिन वाचवायचं जे काम त्याचं आहे ते तो करू शकत नाही. हे कळेपर्यंत कृपा करून फुल पाय देऊ नका.

प्रश्न : काका, माझ्या टर्बो पेट्रोलचा टी-मॅप सेन्सर (प्रेशरसोबत हवेचं तापमानही मोजणारा) गेला होता. दुकानात हुबेहूब तसाच मिळाला, सॉकेट तेच, बोल्ट तोच, मीच घरी बसवला. तेव्हापासून पिकअप जड वाटतो, लॉगमध्ये मॅक्स बूस्ट आधीपेक्षा खूप कमी आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये करतो ती टक्क्यांतली दुरुस्ती) अधिक १२ च्या आसपास. चेक लाइट अजून नाही. चावी ऑनला ८२ येतंय. तुमचा मागचा लेख वाचून हे तपासलं. (तिलक नगर, इंदूर)

उत्तर : ताई, ८२ लिहिलंत आणि माझं अर्धं काम तुम्हीच केलंत. ८२ किलोपास्कल हवा इंदुरात नसते, त्यासाठी गाडी कुठल्यातरी हिल स्टेशनला घेऊन जावी लागेल.

हा बहुतेक करून चुकीच्या रेंजचा सेन्सर आहे. बाहेरून सारखेच दिसणारे सेन्सर आतून वेगवेगळ्या मापाचे असतात. एक नेहमीचं माप असं की २० किलोपास्कलला ०.४ व्होल्ट आणि २५० ला ४.६५ व्होल्ट. दुसरा दिसायला तसाच, २० ला ०.४ पण ४.६५ व्होल्ट ३०० ला. ईसीयूला तर व्होल्टच दिसतात, त्याच्या डोक्यात जुनं माप बसलंय. आता खरे ९५ किलोपास्कल असताना ३०० वाला सेन्सर साधारण १.५४ व्होल्ट देईल, आणि ईसीयू जुन्या मापाने त्याचे ८२ करेल. उलटं करून बघा, ८२ मधून २० वजा, ६२, त्याला २८० ने गुणून २३० ने भागा, २० परत मिळवा, ९५.५ आलं. इतकं नेमकं जुळतंय की मला दुसरं काही शोधावंसं वाटत नाही. खात्री करायला मल्टिमीटरने सिग्नलच्या वायरवर चावी ऑन करून व्होल्ट बघा, १.५४ च्या जवळ आले तर सेन्सर ३०० चा, १.७९ आले तर सेन्सर २५० चाच आहे आणि घोळ दुसरीकडे आहे.

याला हलक्यात घेऊ नका. ईसीयूला वाटतंय हवा कमी येतेय, म्हणून तो पेट्रोल कमी टाकतो, मग ऑक्सिजन सेन्सर ओरडतो आणि ट्रिम वाढवून तो कसंबसं भरून काढतो, ते तुमचं अधिक १२. आरामात चालवताना हे निभावतं पण फुल बूस्टला ही भरपाई पुरी पडेलच असं नाही, तिथे मिक्श्चर पातळ होऊन पिस्टन खराब व्हायची भीती असते. जुन्या सेन्सरवरचा पार्ट नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवून घ्या, दुकानदार "एकच आहे मॅडम, चालून जाईल" म्हणाला तरी. तोपर्यंत पाय हलका.

प्रश्न : आम्ही कॉलेजच्या प्रोजेक्टला एक जुनं टर्बो इंजिन स्टँडवर चालवतो, मॅप सेन्सरची वायर वेगळ्या डेटालॉगरला घेतलीय. इंजिन बंद असताना ग्वाल्हेरला ९९ च्या आसपास यायला पाहिजे असं वाचलं, आम्हाला १०४ येतं आणि पंखा चालू केला की १०७. (लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : पंखा चालू केल्यावर आकडा बदलतो हीच खूण आहे, पंख्याने हवेचं प्रेशर थोडंच बदलतं. लॉगरची ग्राउंड तुम्ही बॅटरीवर किंवा स्टँडच्या लोखंडावर घेतली असणार. सेन्सरची स्वतःची ग्राउंडची वायर असते, लॉगरची ग्राउंड तिथूनच घ्या. वर सांगितलेल्या २५० वाल्या मापाच्या सेन्सरमध्ये १ व्होल्ट म्हणजे ५४ किलोपास्कल, म्हणजे ग्राउंडमध्ये ०.१ व्होल्टचा फरक पडला तरी पाच किलोपास्कलची चूक, तुमचा घोटाळा तेवढाच आहे. ५ व्होल्टचा सप्लायही लोडखाली मोजा, ४.८ येत असेल तर त्यानेही आकडा सरकतो.

प्रश्न : पेट्रोल टर्बोत दोन सेन्सर आहेत म्हणे, अर्ध्या पेडलला एक १५० दाखवतो आणि दुसरा ११०. लीक आहे का? (वैशाली नगर, इंदूर)

उत्तर : नाही. एक थ्रॉटलच्या आधी असतो, एक नंतर. अर्धवट उघडलेला थ्रॉटल मधे उभा आहे, फरक पडणारच. पूर्ण उघडल्यावर दोन्ही जवळ जवळ आले पाहिजेत. पाय पूर्ण दाबूनही फरक राहत असेल तर आधी लॉगमध्ये थ्रॉटलचा खरा अँगल बघा, बऱ्याचदा ईसीयूनेच तो थोडा मिटलेला असतो.

प्रश्न : माझी २ लिटर डिझेल एसयूव्ही, चेक लाइट लागला, कोड पी०२९९, पिकअप नाही, चढावर काळा धूर. गॅरेजमध्ये टर्बो गेला सांगितलं, ६० हजारांचं कोटेशन दिलंय. तुमचे लेख वाचतो म्हणून चावी ऑन करून बघितलं, ९५ च येतं. स्कॅनरवाल्याकडून लॉग काढला, ३००० आरपीएमला मागितलेला बूस्ट २२०० मिलीबार, मिळालेला १७६०. म्हणजे आकडा खरा आहे ना? मग टर्बोच ना? घरात मुलीचं लग्न आहे, ६० हजार आत्ता जड जातील. (रामबाग, इंदूर)

उत्तर : आकडा बहुतेक खरा आहे, पण चावी ऑनच्या ९५ वरून पूर्ण खात्री होत नाही, का ते खाली सांगतो. पण पी०२९९ एवढंच सांगतो की मागितला तेवढा मिळाला नाही. का नाही मिळाला ते तो सांगत नाही, आणि टर्बोवर मी सगळ्यात शेवटी जातो.

हे मी शिकलो त्याचा एक किस्सा सांगतो, मला तो अजून टोचतो. गॅरेज सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती, एक शिक्षक होते, रिटायर व्हायला आलेले, त्यांची डिझेल गाडी अशीच. लॉगमध्ये बूस्ट कमी बघितला आणि टर्बो बदलला. लॉग परत काढला, आकडा तोच, एक किलोपास्कलही हलला नाही. मग दोन दिवस शोधलं आणि सापडलं काय, मॅनिफोल्डवरचा सेन्सर काढला तर त्याच्या नाकाचं भोक तेल आणि काजळीच्या काळ्या लगद्याने बुजलेलं, पायाला मऊ डांबर चिकटतं ना तसं. प्रेशर आत पोचायलाच वेळ लागत होता, चावी ऑनला मात्र आरामात ९५ दाखवत होता कारण तेव्हा त्याला घाईच नव्हती. दहा मिनिटांचं काम होतं. टर्बोचे पैसे मी त्यांना परत केले, सगळे एकदम नव्हते माझ्याकडे, चार हप्त्यांत केले. तेव्हापासून माझ्याकडे टर्बो काढायच्या आधी सेन्सर हातात घेऊन बघितलाच जातो. तुम्हीही तिथूनच सुरू करा, एक बोल्ट असतो. साफ करायला इलेक्ट्रॉनिक क्लीनरचा स्प्रे, आत तार किंवा पिन घालायची नाही, आतला पडदा फाटतो.

सेन्सर साफ असेल तर पाइप. तुमचा काळा धूर मला तिकडेच बोट दाखवतोय. एअर फ्लो सेन्सरने हवा मोजली, ईसीयूने त्या हिशेबाने डिझेल टाकलं आणि मोजलेली हवा मधेच कुठेतरी बाहेर निघून गेली की डिझेल जास्त होतं आणि धूर येतो. टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलरपासून मॅनिफोल्ड, सगळा रस्ता हाताने चाचपा, वरून दिसतं तेवढं बघून थांबू नका, पाइपची खालची बाजू, ब्रॅकेटला घासते ती जागा, क्लिपच्या आतली कड. जिथून हवा गळते तिथे तेलाचा ओलसर डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली असते. फुल पायाला शीळ किंवा फुस्स आवाज येतो का ते काच खाली करून भिंतीच्या कडेने जाताना ऐका. दिसलं नाही तर गॅरेजवाल्याला प्रेशर टेस्ट करायला सांगा, इंजिन बंद, टर्बोच्या तोंडाला टोपी लावून ०.७ बार हवा भरायची, एक बारच्या वर अजिबात नाही, ऑइलचं झाकण उघडं ठेवायचं, साबणाचं पाणी मारायचं आणि टोपीच्या समोर कुणी उभं राहायचं नाही कारण ती सुटली तर लागते.

पाइप चांगले निघाले तर व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या. तुमच्या टर्बोचा ॲक्चुएटर, म्हणजे बूस्ट कमी-जास्त करायला टर्बोच्या पात्या हलवणारा भाग, व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर इंजिन चालू करताना त्याचा दांडा हलतो का ते कुणाला तरी बघायला सांगा, बहुतेक गाड्यांत तो चालू होताच आत ओढला जातो. हलला नाही तर हाताच्या व्हॅक्यूम पंपाने ओढून बघा, ओढून तिथेच टिकतो की हळूहळू सुटतो. नळी पाच-दहा रुपये फुटाची मिळते, वर्षानुवर्षं इंजिनच्या उष्णतेत राहून ती बिस्किटासारखी तुटते. ब्रेकही थोडे कडक वाटत असतील तर व्हॅक्यूम पंपावरच संशय घ्या, बऱ्याच डिझेलमध्ये दोन्हीकडे एकच पंप असतो.

स्कॅनरवाल्याकडे परत जाल तेव्हा अजून एक आकडा काढून आणा, ॲक्चुएटरची ड्यूटी, टक्क्यांत असते. ईसीयूने टर्बोला पूर्ण जोर लावायला सांगितलंय आणि तरी १७६० च मिळतंय, तर हवा गळतेय किंवा टर्बोच्या पात्या काजळीने अडकल्यात. आणि ईसीयूने जोर लावलेलाच नाही, ड्यूटी आरामात मधे कुठेतरी बसलीय, तर तो स्वतःच काहीतरी बघून हात आखडता घेतोय, तापमान नाहीतर दुसरा एखादा कोड, तो आधी शोधायचा. कमी बूस्ट फक्त वरच्या आरपीएमला असता तर मी तुम्हाला एअर फिल्टर आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदलाय का ते बघायला सांगितलं असतं, तुमच्या लॉगमध्ये तो १८०० पासूनच मागे आहे.

हे सगळं करून काहीच सापडलं नाही तरच टर्बो. तेव्हाही आधी पुढचा पाइप काढून टर्बोच्या चाकाचा शाफ्ट बोटाने हलवून बघायचा, चाक टर्बोच्या कवचाला घासतंय का, पात्यांना तुकडे गेलेत का, मग पैशांचं बोलायचं. हे सगळं मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतंच, इथे बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिलं.

अंक छपाईला जायच्या दोन दिवस आधी त्यांचा परत फोन आला. इंटरकूलरच्या खालचा रबरी पाइप, स्टीलच्या ब्रॅकेटला घासून बोटाच्या नखाएवढं भोक, वरून बघितलं तर पाइप नवा कोरा दिसत होता. पाइप आणि दोन क्लिपा मिळून अठराशे रुपये, मजुरी वेगळी. ३००० आरपीएमला मागितला २२००, मिळाला २१८०.